नमुन्याची ओळ

आमच्या ऑफिसात मंदी आली हे सगळ्यात आधी कळलं ते रिसेप्शनजवळच्या मनीप्लांटला. दुसरा नंबर अण्णांचा. तिसरा नंबर लागायला, म्हणजे आमच्या पार्टनर साहेबांना कळायला, आणखी सहा आठवडे जावे लागले. आणि ते बिचारे दुसऱ्या कंपन्यांना मंदी कधी येणार हे सांगूनच पोट भरत होते.

काचेच्या इमारतींतली झाडं भाड्याची असतात, हे मला बंगळुरूला येईपर्यंत माहीत नव्हतं. दर सोमवारी नर्सरीचा टेम्पो येतो, मलूल झालेल्या कुंड्या उचलतो, टवटवीत ठेवून जातो. त्यामुळे ऑफिसातलं झाड कधी वाढत नाही आणि कधी मरतही नाही. अण्णा रोज सकाळी आत आले की आधी कुंडीतल्या मातीत बोट खुपसायचे, मग त्याच बोटाने हजेरीच्या यंत्राचं बटण दाबायचे. यंत्रावर मातीचा एक कायमचा ठिपका होता. एका सोमवारी त्यांनी बोट खुपसलं, माती चोळली आणि माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "अक्का, टेम्पो आला नाही. कुंडी मागच्याच आठवड्यातली आहे."

"मग?"

"मग काय. सहा आठवडे. मग तांदूळ निवडायला घेतील."

हे गृहस्थ माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, आणि मला अक्का म्हणत. त्यांना सगळं ऑफिस अण्णा म्हणायचं. आमच्याकडे सगळ्यांनी सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची असा दंडक. तेवीस वर्षांचं पोर साठीच्या साहेबांना नुसत्या नावाने पुकारतं. अण्णांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं की मला नावाने हाक मारणारी एकच बाई होती, ती माझी आई, आणि ती आता नाही. तेव्हापासून परदेशातून आलेले गोरे साहेबसुद्धा फोनवर "हॅलो, ॲना" म्हणायचे आणि अण्णा गंभीरपणे "सरी, सरी" म्हणायचे. 'सरी' म्हणजे कन्नडमध्ये ठीक आहे. गोऱ्यांना वाटायचं, हा माणूस सतत माफी मागतो आहे. त्यांना ते फार आवडायचं.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. मी नागपूरला आईशी फोनवर बोलत होते आणि आवाज नेहमीसारखाच, म्हणजे आठही मजल्यांना पुरेल इतका होता. मागून एक किरकोळ देहाचे गृहस्थ म्हणाले, "तुम्ही नागपूरच्या काय? आम्ही पण तिकडचेच. स्वल्प आधी आलो."

"अच्छा? कधी आलात?"

"साडेतीनशे वर्षं झाली असतील."

चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. त्यांचं घराणं कुठल्याशा फौजेबरोबर आलं आणि परत जायचं राहूनच गेलं, असं ते सांगायचे. "सामान बांधूनच ठेवलेलं आहे," असंही म्हणायचे.

पण खरी गंमत त्यांच्या मराठीची. ती साडेतीनशे वर्षं घराबाहेर पडलेली नव्हती. बाजार कन्नडमध्ये, शाळा इंग्रजीत, ऑफिस इंग्रजी-हिंदीत. मराठी फक्त स्वयंपाकघर, देवघर आणि बायकोचा राग एवढ्यापुरती. त्यामुळे माझ्याशी ऑफिसातलं काही बोलायचं झालं की त्यांच्याकडे शब्द असायचे ते चुलीजवळचे. काम मिळालं नाही की "शिजलं नाही". साहेब चिडले की "उतू गेले". एखाद्या क्लायंटने तीन महिने झुलवत ठेवलं की "ते अजून भिजत घातलेत". आणि नोकरकपात म्हणजे तांदूळ निवडणं. आमच्या धंद्यात या गोष्टीला इतकी गोंडस इंग्रजी नावं आहेत की ज्याची नोकरी जाते त्यालाही क्षणभर बढती झाल्यासारखं वाटतं. अण्णांच्या तोंडून ऐकलं की लगेच सूप डोळ्यांसमोर यायचं, आणि आपण त्यात उडतो आहोत हेही.

माणसांना 'रिसोर्स' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. कोणी म्हणालं, "अण्णा, मला पुढच्या आठवड्यात दोन रिसोर्स लागतील," की हे विचारायचे, "वाळू की सिमेंट?" आणि समोरचा नावं सांगेपर्यंत शांतपणे पेन्सिल घेऊन थांबायचे.

आणि स्लाइड. आमच्या धंद्यात माणूस मेला तरी चालेल, स्लाइड सरळ रेषेत पाहिजे. अण्णांचा नियम वेगळा. त्यांची प्रत्येक स्लाइड आधी पँट्रीत जायची. तिथे गौरम्मा चहा-कॉफी बघायच्या. अण्णा त्यांच्यासमोर लॅपटॉप धरून कन्नडमध्ये स्लाइड वाचून दाखवायचे. गौरम्मा दूध ढवळता ढवळता ऐकायच्या आणि बहुतेक वेळा म्हणायच्या, "अर्थ आगलिल्ला." कळलं नाही. अण्णा परत टेबलाशी यायचे, निम्मी स्लाइड पुसायचे, पुन्हा जायचे. गौरम्मांनी मान डोलावली की ती क्लायंटकडे रवाना. आमच्या शाखेत सगळ्यात कमी शब्दांच्या स्लाइड अण्णांच्या असत, आणि सगळ्यात कडक कॉफीही त्यांनाच मिळे.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सल्लागार कंपनीत ज्याच्याकडे काम नसतं तो बेंचवर असतो. पगार चालू, खुर्ची चालू, फक्त करायला काही नाही. ऐकायला हे सुख वाटतं. पहिले दोन आठवडे वाटतंही. मग माणूस पँट्रीत जायलाही लाजतो, कारण सगळे विचारतात, "सध्या काय चालू आहे?" मनीप्लांट पिवळा पडू लागला तेव्हा मी बेंचवर एकशे दहा दिवस काढले होते. के. आर. पुरमला बँकेच्या कृपेने घेतलेला पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, बारावीतली मुलगी, आणि नवरा ज्या नव्या कंपनीत गेला होता ती नुकतीच बुडालेली. म्हणजे घरात चालणारी नोकरी एकच, माझी. आणि तीही बसून. रोज सकाळी मी साडी नेसून, लिपस्टिक लावून, लढाईवर निघाल्यासारखी निघायचे आणि आठ तास लॅपटॉपवर जुनी फोल्डरं नव्या फोल्डरांत घालायचे.

अण्णाही तेव्हा बेंचवरच होते, पण त्यांनी त्याचं संस्थान केलं होतं. घरून बायकोच्या जुन्या साडीची उशी शिवून आणली होती. "बेंचवर बसायचं तर टोचायला नको," म्हणायचे. सकाळी आल्यावर सगळ्यांचे चेहरे बघायचे आणि ज्याचा सगळ्यात उतरलेला असेल त्याच्या खुर्चीवर त्या दिवशी उशी. काही बोलायचं नाही. फक्त उशी. पुढे पुढे लोक सकाळी एकमेकांच्या खुर्च्या बघू लागले. एका आठवड्यात ती तीन दिवस माझ्याकडे होती. चौथ्या दिवशी मी ती उचलून त्यांच्या टेबलावर आपटली आणि म्हटलं, "अण्णा, मला आता भीती उशीचीच वाटते."

"सरी," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी उशी साहेबांच्या केबिनमध्ये ठेवून आले. साहेब दिवसभर तिच्यावर बसले. त्यांना वाटलं, नवीन फर्निचर आलं.

त्याच सुमारास सगळ्यांना एक ईमेल आलं, की आपण सगळे एक कुटुंब आहोत आणि या काळात कुटुंबाने एकत्र राहिलं पाहिजे. ते वाचून मला जरा बरं वाटलं. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अक्का, तुम्ही घरी लेकीला असं पत्र लिहिता काय? की बाळे, मी तुझी आई आहे?"

"नाही."

"मग हे पत्र घरचं नव्हे."

अण्णा आमच्या धंद्यात उशिरा आले. त्याआधी वीसेक वर्षं ते बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. पंपाचे भाग बनायचे तिथे. आमच्या कंपनीला एकदा असा साक्षात्कार झाला की कारखान्यांना सल्ला देणाऱ्यांत कारखाना पाहिलेला एक तरी माणूस असावा, म्हणून त्यांना घेतलं. बोम्मसंद्राच्या दोन-तीन कंपन्यांत तर अण्णा आल्याशिवाय बैठकीचा चहा ओतत नसत.

त्या कारखान्यातली एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली. एरवी ते कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नसत.

कारखान्यात एकदा बाहेरून सल्लागार आले होते. टाय लावून. कोणते कामगार जास्तीचे आहेत हे कसं ठरवायचं, ते त्यांनी कँटीनमध्ये पडदा लावून समजावलं. तक्ता होता: नाव, कौशल्य, वय, हजेरी, गुण. उदाहरण म्हणून एक ओळ भरलेली. त्या पोरांनी हजेरीच्या वहीतून कुठलं तरी एक नाव उचललं आणि नमुन्याच्या ओळीत टाकलं. गुण सगळ्यात कमी, रंग लाल. ते नाव एका फिटरचं होतं. आनेकलहून बसने यायचा. संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखान्याला कळलं होतं.

"दुसऱ्या दिवसापासून तो तासभर लवकर येऊ लागला," अण्णा म्हणाले. "स्वतःचं मशीन पुसायचा. मग शेजारचं. मग झाडू घेऊन जमीन. मी जाऊन सांगितलं, अप्पा, तो नमुना होता. खरं नव्हे. तो म्हणे, हो सर. आणि परत झाडू."

"मग काढलं का त्याला?"

"कुणी काढलं नाही. सहा वर्षांनी वयाने निवृत्त झाला. हार घातला, पेढे वाटले. जाताना माझ्या कानाशी येऊन विचारतो, सर, माझं नाव काढलं ना त्यातून?"

तेव्हापासून अण्णांचा नियम होता. कसलाही तक्ता असो, नमुन्याच्या ओळीत नाव टाकायचं तर स्वतःचं. गुण सगळीकडे एक, रंग लाल, आणि खाली बारीक करड्या अक्षरांत सूचना: ही ओळ नमुन्याची आहे, वापरण्याआधी काढावी. आमच्या कंपनीच्या जुन्या फायलींत शोधलंत तर अण्णा सिमेंटच्या कारखान्यातून, दोन बँकांतून, एका विमान कंपनीतून आणि एका बिस्किटवाल्याकडून असे कितीतरी वेळा नोकरीवरून गेलेले सापडतील. मी त्यांना चिडवायचे, "अण्णा, बिस्किटवाल्याकडे तरी टिकायचं होतंत."

मनीप्लांटची तीन पानं गळाल्यावर साहेबांनी अण्णांना बोलावलं. वरून आदेश आला होता: शाखेतून बारा माणसं कमी करा. दुसऱ्यांना हे कसं करायचं ते आम्ही आयुष्यभर शिकवलेलं. आता घरातच करायचं आलं तर जो तो दुसऱ्यावर ढकलू लागला. साहेब म्हणाले, "अण्णा, नावं नकोत. फक्त पद्धत द्या. निःपक्षपाती."

अण्णांनी दोन दिवस घेतले. तक्ता केला, गुणांचे रकाने आखले, ज्यांना सगळ्यात कमी गुण ते वर येतील अशी मांडणी केली. नमुन्याची ओळ भरली. पँट्रीत नेऊन वाचून दाखवली. गौरम्मांनी पहिल्यांदाच विचारलं, "हे कशासाठी?" अण्णांनी सांगितलं. त्यांनी दूध ढवळायचं थांबवलं आणि म्हणाल्या, "अर्थ आयितु." कळलं. त्या दिवशीची कॉफी पाणचट होती.

पुढच्या गुरुवारपासून लोकांना 'कावेरी'त बोलावणं सुरू झालं. आमच्या बैठकीच्या खोल्यांना नद्यांची नावं आहेत. कावेरी सगळ्यात लहान, दोन खुर्च्यांची, काचेला कागद लावलेली. आत टिश्यूचा डबा. एच. आर.ची एक गोड मुलगी दार उघडून मान तिरकी करायची आणि नाव घ्यायची. आम्ही कुजबुजायचो, "तोही कावेरीत गेला." मी पदराशी चाळा करत बसून होते.

अकरा जणं जाऊन आली. मग दार उघडलं आणि ती म्हणाली, "अण्णा?"

अण्णा उठले, चष्मा पुसला, गेले. सात मिनिटांनी आले. हातात कागद. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "बघा. फार नीटनेटकं छापलं आहे."

मी बघितलं. कौशल्य, एक. क्लायंटची पसंती, एक. अनुभव, एक. खालपर्यंत एकचे एक. मला आधी राग आला आणि मग एकदम लख्ख दिसलं. हे गुण कुणाला मिळूच शकत नाहीत. ज्या माणसावाचून बोम्मसंद्राचा चहा ओतला जात नाही त्याला पसंतीचा एक गुण?

"अण्णा, ही नमुन्याची ओळ आहे."

"असं दिसतं खरं."

झालं होतं ते असं. साहेबांच्या हाताखालच्या मुलीने अण्णांच्या तक्त्यात सगळ्या शाखेची नावं ओतली. अण्णांचं नाव दोनदा दिसलं, एकदा नमुन्यात, एकदा खऱ्या यादीत. ती शिस्तीची मुलगी. एक नाव दोनदा कसं, म्हणून एक पुसलं. पुसलं ते नेमकं खऱ्या यादीतलं. मग गुणांप्रमाणे लावल्यावर नमुना वर जाऊन बसला, करडी सूचना खाली कुठे तरी हरवली, आणि आख्खी कंपनी इतकी मन लावून स्लाइडचे रंग जुळवत बसली की माणूस खरा की नमुन्याचा हे बघायला कुणाला सवड झाली नाही.

"चला, साहेबांना सांगू," मी म्हटलं.

"स्वल्प बसा अक्का."

मी बसले नाही. मी तशीच गेले, दार ठोठावलं नाही, आत शिरून साहेबांपुढे तो कागद धरला आणि सगळं सांगितलं. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. वाचता वाचता त्यांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. यादी आदल्या दिवशीच वर गेली होती, मंजूर होऊन आली होती. आता फोन करून सांगायचं, की आम्ही जगाला माणसं मोजायला शिकवतो आणि आमच्याकडून एक माणूस चुकून मोजला गेला. तरी त्यांनी अण्णांना बोलावलं. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

"अण्णा, ही चूक आहे का? नमुन्याची ओळ राहून गेली का?"

अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही सर. ते माझंच मूल्यमापन आहे. मी स्वतः भरलं."

"सगळीकडे एक?"

"शून्य द्यायची सोय नव्हती. गणपतीपासून बसून आहे सर, वयही झालं. पद्धत मी केली, मग ती मला लागू नको?"

साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं. कधीची अडकलेली लिफ्ट एकदाची हलावी तसा त्यांनी श्वास सोडला. "म्हणजे नक्की?"

"नक्की."

बाहेर आलो. मी त्यांना पँट्रीत ओढून नेलं. गौरम्मांनी आमचे चेहरे बघितले आणि काही न विचारता बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "खोटं बोललात. तुम्ही. माझ्यासमोर."

अण्णा कधी रागावलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी रागावले. "तुम्हाला तक्ता वाचता येत नाही काय? इतकी वर्षं काय शिकलात? बारा माणसं मागितली आहेत. माझी ओळ काढली तर अकरा राहतात. अकरा घेऊन ते थांबतील?"

"मग तेरावा कोणी तरी..."

"कोणी तरी नाही. मी गुण जोडून बघितलेत. तेराव्या ओळीत नागपूरचं नाव आहे."

कॉफीचं यंत्र घरघरत होतं. मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरून, हात नाचवत, स्वतःच्याच नोकरीवर कुऱ्हाड मागून आले होते.

तेरावी ओळ माझी आहे हे आधी कळलं असतं तर मी आत गेले असते का? हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारते. सोमवारी उत्तर हो येतं. हप्त्याच्या तारखेला वेगळं येतं.

"अण्णा, मी हे असं घेऊ शकत नाही," मी म्हटलं. निदान असं म्हणायचा प्रयत्न केला.

"तुम्हाला काही देत नाही मी," ते म्हणाले. राग उतरला होता. "मुलगी कमावते. घर वडिलांचं. आनेकलला दीड एकर आहे, बायको दोन वर्षं मागे लागली आहे. आणि एक आहे अक्का. हे पातेलं मीच चुलीवर ठेवलं ना? त्या अकरा जणांचं आता मला काही करता येत नाही. बाराव्याचं येतं."

मग टेबलाशी येऊन उशी उचलली, झटकली आणि माझ्या खुर्चीवर ठेवली. या वेळी मी ती आपटली नाही.

त्यांचा शेवटचा दिवस मात्र त्यांनी वसूल केला. लॅपटॉप, ओळखपत्र, किल्ल्या, सगळं दहा मिनिटांत जमा झालं. इतक्या वर्षांचा माणूस दहा मिनिटांत मोकळा. मग ते रिसेप्शनजवळचा तो पिवळा मनीप्लांट कुंडीसकट काखेत मारून निघाले. दारावर सुरक्षारक्षकाने अडवलं. वस्तू बाहेर न्यायला पास लागतो. पाससाठी प्रशासनाकडे. प्रशासन म्हणालं, कुंडी आमची नाही, नर्सरीची. नर्सरीला फोन. नर्सरी म्हणाली, तुमचा करार तर आम्ही कधीच बंद केला, झाडं तुमच्याकडेच सोडली. प्रशासन म्हणालं, आमच्या नोंदीत ती नाहीत. म्हणजे ऑफिसच्या मधोमध एक झाड उभं होतं जे कोणाचंच नव्हतं. पासावर रकाना होता: वस्तू परत आणणार की नाही. त्यावर दोन अधिकाऱ्यांत वाद झाला. दीड तास गेला. अण्णा लॉबीतल्या सोफ्यावर कुंडी मांडीवर घेऊन बसले होते, आणि जो येईल जाईल त्याला सांगत होते, "माझं काम झालं आहे. याचं अडलंय."

त्या दीड तासात जे बारा जण निघाले होते त्यांतले बहुतेक तिथे जमले. कोणी तरी वडे मागवले. मागे राहिलेलेही एकेक करून खाली उतरले. एच. आर.ची गोड मुलगीसुद्धा येऊन रडून गेली, तिच्यासाठी टिश्यूचा डबा कावेरीतून आणावा लागला. शेवटी पास मिळाला. 'परत आणणार नाही' यावर खूण होती.

"तिकडे झाडं भाड्याची नाहीत," अण्णा मला म्हणाले. "बघू, याला वाढायचं आठवतं काय."

पाच आठवड्यांनी बोम्मसंद्राच्या एका कंपनीने काम काढलं आणि अण्णांना मागितलं. अण्णा नाहीत म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मग त्यांच्या हाताखालचं कोणी आहे का? मी हात वर केला. पहिल्या बैठकीत त्यांनी चहा ओतायला जरा वेळ लावला, पण ओतला. मी बेंचवरून उठले ती उठलेच. मुलगी बारावी झाली, कॉलेजात गेली, मला शिकवू लागली.

अण्णांचा फोन दर सोमवारी सकाळी येतो. तब्येत, मुलगी, काम, काही विचारत नाहीत. एकच प्रश्न: "टेम्पो आला?" मंदी ओसरल्यावर नर्सरीचा करार पुन्हा झाला होता, म्हणून मी आला म्हणते. "सरी," म्हणून ठेवतात. एकदा फोटो पाठवला होता. मनीप्लांट नारळाच्या खोडावर पार शेंड्याकडे निघालेला, पानं सुपाएवढी. खाली लिहिलं होतं: आठवलं.

गेल्या सोमवारी टेम्पो आला नाही. या सोमवारीही नाही. मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बोट घालून बघा." मी बघितलं. माती कोरडी होती.

काल साहेबांनी मला बोलावलं. नवीन साहेब आहेत, तरुण, पण वाक्य जुनंच: नावं नकोत, फक्त पद्धत द्या. मी टेबलाशी आले. साडीची उशी खुर्चीवर आहेच. तक्ता उघडला, रकाने आखले, नमुन्याच्या ओळीशी येऊन थांबले. आधीच्या फायलीतलं कुठलंही एखादं नाव टाकलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. मी माझं नाव टाइप केलं. कौशल्य, एक. पसंती, एक. अनुभव, एक. लाल रंग दिला. पँट्रीत जाऊन गौरम्मांना वाचून दाखवलं. माझं कन्नड अजून कच्चं आहे, पण त्यांना कळलं. त्यांनी माझं नाव बोटाने दाखवून विचारलं, "हे का?"

"अण्णांची पद्धत," मी म्हटलं.

त्यांनी कॉफी कडक केली.

परत येऊन मी खाली करड्या, बारीक अक्षरांत सूचना लिहिली: ही ओळ नमुन्याची आहे, वापरण्याआधी काढावी. पाठवायचं बटण दाबणार, तेवढ्यात हात थांबला. मी मागे गेले आणि ती सूचना ठळक केली. मग काळी केली. मग चौपट मोठी करून, लाल चौकटीत, पानाच्या मधोमध आणून ठेवली.